सायकलवर जाणारे आणि सायकलिंग करणारे

जयपूरला गेलो की माझा मुक्काम शास्त्रीनगरात असतो. जुन्या शहराच्या चांदपोल दरवाजापासून तीन-साडेतीन किलोमीटरवरची ही वसाहत. इथे कांवटिया रुग्णालय आहे, विज्ञान उद्यान आहे आणि लागूनच भट्टा बस्तीची दाट वस्ती आहे. हिवाळ्यातल्या सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर उभं राहिलं की खालच्या रस्त्याने सायकली दोन पाळ्यांत जाताना दिसतात. पहिली पाळी उजाडण्याआधीची. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले भडक कपडे, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा, आणि दहा-बारा जणांचा हसतखेळत जाणारा घोळका. दुसरी पाळी आठनंतरची. हँडलला जेवणाचा डबा अडकवलेला गवंडी, कॅरिअरला रंगाचे डबे बांधलेला रंगारी, आणि सरकारी शाळेकडे निघालेल्या, एकाच रंगाच्या सायकलींवरच्या मुली. पहिल्या पाळीला रस्ता मोकळा मिळतो. दुसऱ्या पाळीला तो मोटारी, रिक्षा आणि बस यांच्यातून उकरून काढावा लागतो.

मराठीने या दोन पाळ्या केव्हाच वेगळ्या केल्या आहेत. गवंडी 'सायकलवर जातो'. हेल्मेटवाला 'सायकलिंग करतो'. पहिल्या वाक्यात सायकल हे साधन आहे आणि जायचं ठिकाण दुसरीकडे कुठेतरी आहे. दुसऱ्या वाक्यात सायकल हेच काम. 'सायकलिंग करतो' म्हणणाऱ्याला आपण कौतुकाने विचारतो, "रोज किती किलोमीटर?" सायकलवर जाणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारलाच तर त्यात कीव असते.

आपल्या शहरांत सायकलसाठी जी काही चळवळ चालते, ती बहुतेक सायकलिंग करणाऱ्यांनी चालवलेली आहे. त्यात गैर काही नाही. ज्याच्यापाशी वेळ, ओळखी आणि अर्ज लिहिण्याची सवय असते तोच अर्ज लिहितो. पण त्यामुळे चळवळीची मागणीही सायकलिंगवाल्याच्या गरजेची होते. रविवारची रॅली, नदीकाठचा सुंदर ट्रॅक, एखादा लांब पल्ल्याचा उपक्रम. या मागण्यांत एक मोठी सोय असते. त्या पुऱ्या करताना कुणाकडून काहीच काढून घ्यावं लागत नाही. सायकलवर जाणाऱ्याला जे हवं ते मात्र कुणाकडून तरी घेतल्याशिवाय देता येत नाही. आपली सायकल चळवळ इतकी वर्षं जागच्या जागी पायडल मारत राहिली, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

हे तपासून पाहायला पुण्यासारखं दुसरं शहर नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पुणं सायकलींचं शहर म्हणून देशभर ठाऊक होतं. त्या काळाच्या आठवणी सांगताना जुन्या पुणेकरांचा सूर हळवा होतो. पण त्या आठवणी नीट ऐकल्या तर त्यांत शिस्तीचा आणि दंडाचा भाग बराच आहे. सायकलीवर कर होता आणि तो भरल्याचा पितळी बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय सायकल नेली की पोलीस थांबवत. डबलसीट हा गुन्हा होता, आणि चौकाअलीकडे मित्राला उतरवून पलीकडे पुन्हा बसवणं ही कला होती. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं पेठापेठांत होती. हाफ पायडल मारत, मधल्या दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून मुलं शिकत ती या भाड्याच्या सायकलींवरच.

हे शहर सायकलींचं का झालं? पुणेकरांचं सायकलीवर प्रेम होतं म्हणून, असं उत्तर देणं सोपं आहे. माझ्या मते प्रेमाचा वाटा थोडा होता. शहर आटोपशीर होतं. पेठांतून कॉलेज, खडकीचे लष्करी कारखाने, कॅम्पातली कचेरी, सगळं पायडलच्या टप्प्यात होतं. स्कूटर परवडत नव्हती, आणि परवडली तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. रस्त्यावर वेगाने जाणारं फारसं काही नव्हतंच. म्हणजे सायकलीला सुरक्षित रस्ता कुणी मुद्दाम दिला नव्हता. दुसऱ्या कुणी तो व्यापला नव्हता एवढंच. त्यामुळे जेव्हा व्यापणारा आला तेव्हा सायकलीपाशी हक्काचं म्हणावं असं काहीच नव्हतं. 1972 साली कायनेटिकने लुना आणली, आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर बाहेर पडत होत्या, पुढे मोटारी आल्या. 2018 मध्ये पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांचा आकडा 36 लाखांवर गेला आणि शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाल्याच्या बातम्या छापून आल्या. सायकल रस्त्याच्या कडेला सरकली, कडेवरून गटाराच्या झाकणावर, आणि तिथून जिन्याखाली.

पुण्याने प्रयत्न केले नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. 1982 पासून काम करणाऱ्या 'परिसर' या संस्थेने आणि तिचे संस्थापक सुजित पटवर्धन यांनी पादचारी, सायकल आणि बस यांची बाजू लावून धरली, ती उड्डाणपुलांचं कौतुक ऐन भरात असताना. 2006 साली केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं आणि त्याने रस्ता वाहनांपेक्षा माणसांसाठी असल्याचं कागदावर मान्य केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग झाला, आणि त्याच्या जोडीला सायकल मार्गही आखले गेले. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. शहरभर 800 किलोमीटरहून अधिक सायकल मार्गांचं जाळं त्यात रेखलेलं होतं. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये मोबाइलवरून भाड्याने घेण्याच्या सायकली आल्या. काही महिन्यांत रंगीबेरंगी सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर दिसू लागल्या. दोन वर्षं होत आली तेव्हा त्या गायब झाल्या होत्या. काहींची मोडतोड झाली, काही नाल्यात सापडल्या, आणि कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

या अपयशाचं खापर नेहमी दोन डोक्यांवर फुटतं: लोकांची मानसिकता आणि अधिकाऱ्यांची अनास्था. दोन्ही आहेतच. पण एकदा एखादा सायकल मार्ग जवळून पाहावा.

पुण्यातल्या ज्या मार्गावरून मी काही महिने रोज गेलो, त्या रस्त्याचं नाव सांगत नाही. जागोजागी असाच मार्ग आहे. तो पदपथाच्या उंचीवर आहे. लाल पेव्हर ब्लॉक, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र. पहिल्या पन्नास मीटरनंतर सोसायटीचं फाटक येतं; तिथे मार्ग सहा इंच खाली उतरतो आणि लगेच सहा इंच वर चढतो. पुढे चेंबरचं झाकण ब्लॉकांच्या दोन बोटं वर आलेलं. त्यानंतर विजेचा डीपी बॉक्स, बरोबर मधोमध. मग बसथांबा, ज्याच्या मागून जायला सायकलीपुरती जागा आहे पण तिथे प्रवासी उभे असतात, आणि त्यांनी दुसरं उभं राहायचं तरी कुठे? पुढे दोन मोटारसायकली, वडापावची गाडी, बांधकामाची खडी. चौक आला की मार्ग संपतो. चौकातून सायकलीने पलीकडे कसं जायचं, याबद्दल त्या रंगकामात काहीही लिहिलेलं नाही. म्हणजे जिथे धोका सगळ्यात कमी तिथे सायकलीला वेगळी वाट, आणि जिथे सगळ्यात जास्त तिथे तिने आपलं आपण बघायचं. पंधरा दिवसांत मी मार्ग सोडून रस्त्यावरून जाऊ लागलो. मग मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाचा एकच सवाल: तुमच्यासाठी केलंय ना ते, तिकडून का जात नाही?

असे मार्ग बांधणारा अभियंता निर्बुद्ध नसतो. त्याला नेमकी सूचना असते: सायकल मार्ग करा, पण मोटारींच्या जागेला हात लावू नका. मग उरतो पदपथ. पदपथातून कापून सायकलीला दिलं की पायी चालणारा आणि सायकलवाला, दोघे दुबळे, एकमेकांच्या अंगावर येतात. मोटार आपल्या जागी शांत असते.

इथे थोडं मोजमाप उपयोगी पडतं. रस्त्याकडेला समांतर लावलेली मोटार सुमारे दोन मीटर रुंदी अडवते. एका बाजूने जाणाऱ्या सायकलींसाठी बरा मार्ग करायचा तर तेवढीच, दोन मीटर रुंदी लागते. म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग उभी आहे, त्या रस्त्यावर सायकल मार्ग आजच अस्तित्वात आहे. फक्त त्यात मोटारी ठेवलेल्या आहेत. त्या दिवसातून बावीस-तेवीस तास हलत नाहीत, आणि सार्वजनिक जमिनीचं भाडं बहुतेक ठिकाणी शून्य. रस्त्यावर पथारी टाकणाऱ्या भाजीवालीकडून आपण परवाना मागतो, अतिक्रमणवाले तिचा तराजू उचलून नेतात; बारा चौरस मीटर अडवणाऱ्या मोटारीला मात्र कुणी अतिक्रमण म्हणत नाही. मार्च 2018 मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यावर वाहन लावण्यासाठी पैसे आकारण्याचं धोरण मंजूर केलं. त्यावर इतका गदारोळ झाला की ते आधी निवडक पाच रस्त्यांपुरतं आखडलं आणि नंतर कागदावरच राहिलं. सायकल आराखडा मंजूर झाला तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता. कारण उघड आहे. आराखड्यात कुणाची जागा जात असल्याचं कुणाला वाटलंच नाही. ज्या दिवशी ते वाटेल, त्या दिवशी सायकल आराखडा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चर्चेला आला असं समजावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आपले रस्तेच अरुंद आहेत. पुण्याच्या पेठांत उभं राहून हे पटतंही. पण हा युक्तिवाद जयपूरला नेऊन पाहावा. सवाई जयसिंगाने 1727 साली हे शहर वसवलं ते रस्त्यांची उतरंड आखून. मुख्य बाजाराचे रस्ते 108 फुटांचे, त्याखालचे त्याच्या निम्मे, गल्ल्या त्याच्याही निम्म्या. त्यातल्या एकाचं नावच 'चौडा रास्ता', म्हणजे रुंद रस्ता. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी, उंट, रथ आणि हत्तींच्या मिरवणुका डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही रुंदी आहे. आज त्या चौड्या रास्त्यावर भर दुपारी उभं राहावं. दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या, त्यांच्या अलीकडे गाडी लावायला जागा शोधत रांगणाऱ्या गाड्या, आणि मधल्या फटीतून घंटी वाजवत वाट काढणारा सायकलवाला. 108 फुटांतही त्याला दोन मीटर मिळत नाहीत. त्यामुळे रस्ता रुंद केल्याने सायकलीला जागा होईल, ही आशा जयपूरने खोटी ठरवली आहे. रुंद केलेली जागा आधी कोण व्यापतो, हा प्रश्न रुंदीने सुटत नाही.

जयपूरने दुसराही एक धडा दिला आहे. 2010 साली शास्त्रीनगरच्या जवळून जाणाऱ्या सीकर रस्त्यावर, पानीपेचपर्यंत, बीआरटीची मार्गिका सुरू झाली. अलीकडे ती काढून टाकण्याचा निर्णय झाला. पुण्यातही असेच पट्टे एकेक करून उखडले गेले. मोटारींकडून जागा घेतली, पण त्या जागेत पुरेशा बस कधीच आल्या नाहीत. मग शेजारच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला ती मोकळी मार्गिका रोज खुणावत राहिली. अर्धवट घेतलेली जागा रिकामी दिसते, आणि रिकामी जागा फार दिवस टिकत नाही. सायकलीचंही तेच. एका रस्त्यावर उत्तम मार्ग करून दोन्ही टोकांना तो वाऱ्यावर सोडला तर तिथे सायकली येणार नाहीत, आणि वर्षभरात कुणीतरी म्हणेल, बघा, एवढा खर्च करून कुणी वापरतं का?

सायकल मार्गावर सायकली मोजणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन: ज्या गावाला एसटी येत नाही, त्या गावच्या थांब्यावर जाऊन तुम्ही प्रवासी मोजत आहात. शेवटच्या फाट्यापर्यंत एसटी सुरू करा आणि वर्षभराने मोजा. नेदरलँड्समध्ये ही मोजणी झालेली आहे. 1970 च्या दशकात तिथे टिलबुर्ख आणि द हेग या शहरांत एकेकच थाटाचा सायकल मार्ग बांधून पाहिला. सायकली शहरातून त्या मार्गावर सरकल्या, पण एकूण वाढ जेमतेम झाली. डेल्फ्ट शहराने 1980 च्या दशकात मोठ्या, मध्यम आणि गल्लीतल्या वाटा एकमेकींना जोडत पूर्ण जाळं विणलं, तेव्हा सायकलवरून होणारा प्रवास वाढला.

नेदरलँड्सचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच हात झटकले जातात: त्यांची गोष्ट वेगळी, ते लोक आधीपासूनचे सायकलवाले. हे अर्धसत्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याही शहरांत मोटारींनी तेच केलं जे पुण्यात केलं. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसं मेली आणि त्यात 400 हून अधिक मुलं होती. त्यानंतर उभी राहिलेली चळवळ सायकलींच्या नावाने उभी राहिली नाही. तिचं नाव होतं 'स्टॉप दे किंडरमोर्ट', म्हणजे बालहत्या थांबवा. 1973 च्या तेलटंचाईने तिला हात दिला. 1977 मध्ये ग्रोनिंगन शहराने आपला मध्यभाग चार भागांत वाटला आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जायला बंदी केली. मोटारीने बाहेरून वळसा घालायचा. सायकल आणि पायी माणूस सरळ जाणार. दुकानदार संतापले होते. आज ते शहर सायकलींसाठी जगात नावाजलेलं आहे. त्या लोकांनी सायकलीचं गुणगान गायलं नाही. आमची मुलं मरत आहेत, हे एक वाक्य लावून धरलं, आणि त्या वाक्यापुढे मोटारीची सोय छोटी ठरली.

आपल्याकडे 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात 32,825 पायी चालणारी होती. या आकड्यांवर आपण चळवळ उभी केली नाही. हेल्मेट घाला, रस्ता ओलांडताना मोबाइल बघू नका, असे सल्ले दिले. मरणाऱ्याला सल्ला आणि वेगाला मोकळीक. वेगाचं गणित शाळेतल्या विज्ञानाचंच आहे. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी 50 ने जाऊ लागली की तिच्या धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. वसाहतीतल्या गल्लीतून 30 ऐवजी 50 ने जाणाऱ्याचे फार तर एक-दोन मिनिटं वाचतात. या दोन मिनिटांची किंमत शाळेत जाणारी मुलगी चुकवते.

त्या मुलीची गोष्ट आपल्याकडच्या सायकल-धोरणातली सगळ्यात उजळ आणि सगळ्यात अर्धी गोष्ट आहे. बिहार सरकारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा परिणाम तपासला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. शाळा जिथे लांब होती तिथे फरक सगळ्यात मोठा. एका साध्या काळ्या सायकलीने जे केलं ते कित्येक योजनांना जमलेलं नाही. राजस्थानातही सरकारी शाळांतल्या नववीच्या मुलींना सायकली मिळतात. तिथे वाद होतो तो रंगाचा. एक सरकार येतं आणि सायकल भगवी होते. दुसरं येतं आणि ती काळी होते. पुन्हा पहिलं येतं आणि पुन्हा भगवी. विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे सायकलीच्या रंगावर बोलतात. ती मुलगी ज्या चौकातून शाळेला जाते, त्या चौकाबद्दल कुणी बोलत नाही. सायकल दिली, पण रस्ता द्यायचा राहिला.

शास्त्रीनगरच्या गच्चीवरून दिसणाऱ्या दुसऱ्या पाळीतली मुलगी हीच. तिच्यासाठी मागायचं ठरवलं तर चळवळीच्या मागण्या आपोआप बदलतात. मग नदीकाठचा ट्रॅक यादीत खाली जातो आणि घर ते शाळा हे दीड किलोमीटर वर येतात. त्या दीड किलोमीटरची एकच परीक्षा असावी: बारा वर्षांच्या मुलीला तिची आई तिथून सायकलवर एकटीला पाठवेल का? पाठवणार नसेल तर कुठल्या जागेमुळे? आईला विचारलं की ती 'मानसिकता' हा शब्द वापरत नाही. ती म्हणते, "तो दवाखान्यासमोरचा चौक." किंवा, "पेट्रोल पंपाशी उलट्या बाजूने गाड्या येतात ना, तिथे." तिच्या उत्तरातला नकाशा कुठल्याही आराखड्यापेक्षा बारीक असतो.

असा नकाशा घेऊन जायला दार आहे का? पुण्यात आहे. 2006-07 पासून महापालिका अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला पाच लाखांपर्यंत मर्यादा. पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही, पण चेंबरचं झाकण ब्लॉकांच्या पातळीला येतं, फाटकापाशी मार्ग वरखाली न होता सपाट जातो, शाळेसमोर वेग मोडणारा उंचवटा होतो, आणि गाड्या आत शिरू नयेत म्हणून खांब बसतात. मार्च 2022 नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होता. त्या काळात क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता हाच नागरिकाला भेटणारा सरकारचा चेहरा होता. चळवळीने रॅलीत घालवलेल्या रविवारांपैकी चार रविवार त्याच्यासोबत सायकलवर घालवावेत. त्याला सायकलवर बसवून त्याच्याच मार्गावरून नेणं, हा मला माहीत असलेला सगळ्यात परिणामकारक अर्ज आहे.

पण छोट्या कामांनी मोठा प्रश्न टळत नाही, आणि इथे दोन आक्षेपांना उत्तर देणं भाग आहे. पहिला दुकानदाराचा: गाडी लावायची जागा गेली तर गिऱ्हाईक जाईल. त्याची भीती खोटी नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण ती तपासता येते. पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभरासाठी वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला, आणि पुढे दरवर्षी होत राहिला. त्या दिवशी रस्ता ओस पडला नाही. माणसांनी भरून गेला. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात, म्हणजे दहा गिऱ्हाइकं. दुकानदाराला उपदेश करण्यापेक्षा सहा महिन्यांचा प्रयोग द्यावा आणि गल्ला त्यालाच मोजू द्यावा.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सायकलवाल्यांना अडचणीत टाकतो. पुण्यात दुचाकीने बायकांना मोकळं केलं. तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालेली मुलगी, लुनावरून बँकेत जाणारी बाई, ही या शहरातल्या स्त्रीमुक्तीची खरीखुरी चित्रं आहेत. बसची वाट पाहणं आणि नवरा किंवा भाऊ सोडायला येईल म्हणून थांबणं, या दोन्हींतून तिने सुटका करून घेतली. तिला 'पेट्रोल जाळू नका' हे सांगायला जाणारा सायकलप्रेमी तिच्या दृष्टीने हास्यास्पद ठरतो, आणि ते योग्यच आहे. सायकल चळवळीचं भांडण तिच्याशी असता कामा नये. आठ किलोमीटरवरच्या कचेरीसाठी तिला चांगली बस हवी. कोपऱ्यावरच्या किराण्यासाठी आणि मुलीच्या क्लाससाठी ती स्कूटी काढते, कारण तेवढं अंतर चालण्याइतकंही सुरक्षित नाही. ते सुरक्षित झालं की कुणाचं मन वळवावं लागणार नाही.

आणि जे आजही सायकलवर आहेत त्यांना तर मुळीच वळवावं लागत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती, मोटार 4.7 टक्के घरांत. रस्त्याची वाटणी मात्र जणू हे आकडे उलटे असल्यासारखी आहे. त्या सायकली चालू ठेवणाराही हळूहळू दिसेनासा होतो आहे. पूर्वी दर कोपऱ्यावर एक माणूस असे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा, चाकाचा आऊट काढणारा, ओव्हरऑइलिंग करून देणारा. आता त्याच टपरीवर स्कूटरची पंक्चरं निघतात आणि सायकलवाल्याला "छर्रे नाहीत" असं उत्तर मिळतं. गवंड्याची सायकल बुधवारी बिघडली तर त्याचा बुधवारचा रोज बुडतो. सायकल आराखड्यात या टपरीसाठी चौकात सहा फूट जागा राखलेली असली पाहिजे. मी पाहिलेल्या कुठल्याही सायकल मार्गावर ती राखलेली मला दिसली नाही. सायकलिंग करणाऱ्याला तिची आठवण होत नाही. त्याची सायकल गाडीत घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते.

2020 साली टाळेबंदीनंतर केंद्र सरकारने 'सायकल्स फॉर चेंज' नावाची स्पर्धा घेतली. शंभराहून अधिक शहरांनी नावं नोंदवली. 2021 मध्ये 11 शहरं विजेती ठरली. त्यांत आपली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन होती, आणि प्रत्येकी एक कोटी रुपयांचं बक्षीस होतं. स्पर्धेने उत्साह दिला, काही रस्त्यांवर तात्पुरते खांब आणि रंगाचे पट्टे आले, अधिकारी सायकलवर कचेरीत आले. नागपूरचे अमित समर्थ आणि नाशिकचे महाजन बंधू यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पुरी केली, त्याने सायकलीला प्रतिष्ठा दिली. हे सगळं मोलाचं आहे. ज्यांच्या हाती ही प्रतिष्ठा आली त्यांनी ती खर्च कुठे करायची, एवढाच प्रश्न आहे. पहाटेच्या घोळक्यात डॉक्टर असतात, वकील असतात, महापालिकेतले अधिकारीही असतात. त्यांचं ऐकलं जातं. आयुक्तांची भेट त्यांना मिळते, गवंड्याला मिळत नाही. त्या भेटीत त्यांनी स्वतःसाठी ट्रॅक मागण्याऐवजी आठनंतरच्या पाळीसाठी तीन गोष्टी मागाव्यात: वसाहतीतल्या गल्ल्यांत ताशी 30 चा वेग, शाळेच्या वाटेवरच्या रस्त्याकडेच्या मोटारींची एक रांग, आणि चौक ओलांडायला सायकलीची स्वतःची वेळ. यातली मधली मागणी करताना त्यांची स्वतःची मोटारही त्या रांगेत उभी असणार. तिथून ती हलवायची तयारी असेल, तर ही चळवळ खरी.

परवा शास्त्रीनगरातच खालच्या मजल्यावरची मुलगी फाटक उघडून सायकल बाहेर काढत होती. तिची आई दारात उभी होती आणि ओरडून सांगत होती की मोठ्या रस्त्याने जाऊ नकोस, मागच्या गल्लीने जा. मुलीने मान डोलावली आणि मोठ्या रस्त्याकडेच वळली. मागच्या गल्लीने शाळा लांब पडते. आई ती दिसेनाशी होईपर्यंत दारातच उभी राहिली.